अवकाशांतील घराचे खण

डहाणूच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनापाशीं सूर्यास्तानंतर घटकाभर थांबलें, तर एखाद्या दिवशीं पश्चिमेकडून एक तेजस्वी ठिपका निघालेला दिसतो. तो तारा नव्हे, कारण तारे एवढ्या वेगानें सरकत नाहींत. विमानहि नव्हे, कारण त्याचा प्रकाश लुकलुकत नाहीं. पांचसहा मिनिटांत तो आकाश ओलांडून जातो, किंवा वाटेंतच पृथ्वीच्या सावलींत शिरून दिसेनासा होतो. तें आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक होय. सुमारें ४०० किलोमीटर उंचीवरून, ताशीं सुमारें २८,००० किलोमीटर वेगानें तें पृथ्वीभोंवतीं फिरतें, आणि २००० सालच्या नोव्हेंबरपासून त्यांत माणसांची वस्ती आहे. २०२५ सालच्या जून-जुलैंत शुभांशु शुक्ला हे भारतीय वैमानिकहि तेथें राहून आले.

आतां असेंच एक घर स्वतः बांधावयाचें भारतानें ठरविलें आहे. त्याविषयींच्या बातम्या आपण वाचतों. परंतु असें घर कोणत्या क्रमानें बांधतात, त्यासाठीं पैसा कसा मंजूर होतो आणि वेळापत्रक चुकलें तर काय होतें, याची चर्चा क्वचितच कानीं पडते. आज त्याचाच थोडा विचार करूं.

अशा स्थानकाच्या एकेका भागास मॉड्यूल म्हणतात. मी त्यास 'खण' म्हणणार आहे, कारण आपल्याकडे घराचें माप खणांनींच सांगण्याची जुनी रीत आहे. सारें घर एकदम कां पाठवीत नाहींत, याचें उत्तर सोपें आहे : तेवढें ओझें वाहणारें वाहन नाहीं. भारतीय अवकाशस्थानकाचा आराखडा पांच खणांचा असून त्याचें एकूण वजन सुमारें ५२ टन होईल. आपला सर्वांत बलवान अग्निबाण एल्. व्ही. एम्. ३ हा या कक्षेकडे सुमारें ८ टन नेऊं शकतो. तेव्हां घर खणाखणानेंच न्यावयाचें आणि वर जोडावयाचें, हें ओघानेंच आलें.

येथवर तें आपल्या जुन्या घरांसारखेंच झालें. पहिला खण बांधून राहावयास जावें, हातीं पैसा आला म्हणजे शेजारीं दुसरा काढावा. पहिला खण दहा वर्षें एकटा उभा राहिला तरी बिघडत नाहीं. अवकाशांत मात्र ही सवड मिळत नाहीं. ४०० किलोमीटर उंचीवरहि अत्यंत विरळ अशी हवा असते. तिच्या घर्षणानें स्थानक हळूहळू खालीं येतें. आंतरराष्ट्रीय स्थानक सरासरीनें महिन्यास सुमारें दोन किलोमीटर उतरतें आणि त्याला इंधन जाळून पुन्हा वर ढकलावें लागतें. शिवाय बॅटऱ्या झिजतात, सूर्यकिरणांपासून वीज करणारे पत्रे निकामी होत जातात. म्हणजे पहिला खण वर गेला त्या दिवसापासून त्याचें आयुष्य खर्चीं पडूं लागतें. मग दुसरा तयार असो वा नसो.

डहाणू रोडच्या प्रवाशांना हा भेद चटकन् पटेल. २०१३ सालच्या एप्रिलमध्यें मुंबईची लोकल डहाणूपर्यंत आली, आणि विरार ते डहाणू या मार्गावरील दोन रुळांचे चार करण्याच्या कामास २०१६ सालीं मंजुरी मिळाली. चालत्या गाड्यांच्या शेजारीं असें काम करावयाचें म्हणजे रात्रीं कांहीं तास वाहतूक थांबवावी लागते. रेल्वेच्या भाषेंत ब्लॉक घ्यावा लागतो. काम लांबलें तर गर्दीचा त्रास होतो, परंतु जुने रूळ जागचे हलत नाहींत. अवकाशांत ब्लॉक घेतां येत नाहीं. म्हणून तेथें बांधकामाइतकेंच वेळापत्रकालाहि महत्त्व आहे.

या बाबतींत आंतरराष्ट्रीय स्थानकाचा इतिहास बोधप्रद आहे. त्याचा पहिला खण 'झार्या' हा २० नोव्हेंबर १९९८ रोजीं वर गेला. बांधणी रशियाची, पैसा अमेरिकेचा. वीज पुरविणें आणि उंची राखणें हें त्याचें काम. दोन आठवड्यांनीं 'युनिटी' गेला. पुढचे खण जोडण्यासाठीं लागणारीं दारें त्यांत होतीं. तिसरा 'झ्वेझ्दा' हा राहण्याचा खण. श्वासाची हवा, निजण्याची जागा, स्थानकाचा मार्ग सांभाळणारीं यंत्रें त्यांत असल्यामुळें त्याच्यावांचून वस्ती शक्यच नव्हती. आणि नेमका हाच खण रशियाच्या तिजोरींतील टंचाईमुळें अडून बसला. कांहीं महिन्यांत सोबत मिळेल या हिशेबानें पाठविलेला झार्या जवळजवळ वीस महिने त्याची वाट पाहत फिरत राहिला. अमेरिकेनें सावधगिरी म्हणून एक तात्पुरता खण बांधावयास घेतला; तो वापरावा लागला नाहीं, पण खर्च झालाच. २००० सालच्या मेमध्यें शटल यानानें जाऊन स्थानक वर ढकललें. अखेर जुलैमध्यें झ्वेझ्दा गेला आणि २ नोव्हेंबर रोजीं पहिले तिघे रहिवासी आंत शिरले.

पुढेंहि अडचणी संपल्या नाहींत. १ फेब्रुवारी २००३ रोजीं कोलंबिया यान कल्पना चावला यांच्यासह सात जणांचा बळी घेऊन कोसळलें, आणि खण वाहणारें वाहनच थांबल्यामुळें बांधकाम तीन वर्षांहून अधिक काळ खोळंबलें. रशियाचा 'नौका' नांवाचा एक खण आहे. हें नांव आपल्या कानाला ओळखीचें वाटतें, पण रशियन भाषेंत त्याचा अर्थ 'विज्ञान' असा आहे. तो २००७ सालीं जावयाचा होता, तो २०२१ सालीं गेला. आणि जोडल्यावर कांहीं तासांतच त्याचीं एंजिनें अचानक सुरू होऊन सारें स्थानक फिरलें. याउलट चीननें २०२१ सालच्या एप्रिलपासून २०२२ सालच्या ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे अठरा महिन्यांत, आपले तीन मोठे खण जोडून पुरे केले. परंतु त्यापूर्वीं दोन लहान स्थानकें पाठवून त्यानें रंगीत तालीम केली होती, आणि अग्निबाण आधीं सिद्ध करून घेतला होता. घाई नव्हे, पूर्वतयारी हें त्या वेगाचें कारण होय.

आतां आपल्या घराकडे वळूं. माणसांना अवकाशांत नेऊन सुखरूप आणण्याच्या गगनयान योजनेस २०१८ सालीं मंजुरी मिळाली. १८ सप्टेंबर २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें त्याच योजनेचा विस्तार करून अवकाशस्थानकाचा पहिला खण तींत घातला. त्यासाठीं ११,१७० कोटी रुपयांची भर पडून एकूण रक्कम २०,१९३ कोटी झाली. आठ उड्डाणें करून २०२८ सालच्या डिसेंबरपर्यंत पहिला खण वर न्यावयाचा, आणि २०३५ पर्यंत सारें स्थानक उभें करावयाचें, असें उद्दिष्ट आहे. या खणाची पूर्णाकृति प्रतिकृति २०२५ सालच्या ऑगस्टमध्यें दिल्लींत मांडली होती : रुंदी ३.८ मीटर, लांबी ८ मीटर. लोकलच्या डब्याहून किंचित् रुंद, पण लांबीला त्याच्या निम्म्याहून कमी, अशी कल्पना केली म्हणजे झालें. वजन सुमारें १० टन.

या निर्णयांत एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. मंजुरी पहिल्या खणाची आहे. उरलेल्या चारांची त्यांत नाहीं. ही रीत चूक आहे असें मी म्हणणार नाहीं. जें अजून करून पाहिलेलें नाहीं, त्याला सारा पैसा एकदम बांधून देणें शहाणपणाचें नव्हे. दोन यानें वर जोडण्याची विद्याच आपणांस आतांआतां साधली. त्यासाठीं ३० डिसेंबर २०२४ रोजीं सुमारें २२० किलोग्रॅमचे दोन उपग्रह पाठविले होते. जोडणीच्या दोन तारखा पुढें ढकलाव्या लागल्या, एकदां तीन मीटरांपर्यंत जवळ आणून मागें घेतले, आणि १६ जानेवारी २०२५ रोजीं ते एकमेकांस जुळले. १० टनांचा खण त्यांतील एकाच्या पंचेचाळीस पट जड आहे. पायरीपायरीनें पैसा देण्यामागें हें कारण आहे.

परंतु पायऱ्यांमध्यें फार अंतर पडूं नये, हेंहि तितकेंच खरें. ८ टनांच्या अग्निबाणानें १० टनांचा खण जाणार नाहीं, म्हणून त्याचें बळ वाढविणें चालू आहे. त्यासाठीं लागणाऱ्या नव्या एंजिनाच्या मुख्य भागाची पहिली यशस्वी चांचणी महेंद्रगिरी येथें २८ मार्च २०२५ रोजीं झाली. ३० टन वाहणारा सर्वस्वीं नवा अग्निबाणहि त्याच सप्टेंबरच्या दिवशीं मंजूर झाला. ८,२४० कोटी रुपये आणि ९६ महिने, असा त्याचा हिशेब आहे. ९६ महिने म्हणजे २०३२ चा सप्टेंबर. उरलेले खण याच वाहनावर अवलंबून ठेवले, तर २०३५ पर्यंत हातीं जेमतेम तीन वर्षें उरतात. अग्निबाणाला वर्षभर उशीर झाला तर दोनच. म्हणून खण, वाहन आणि पैसा हे तिन्ही हिशेब एकाच कागदावर मांडावे लागतात.

यांत कारखान्यांचाहि संबंध येतो. अग्निबाणांचीं मोठीं पोलादी कवचें पुणें जिल्ह्यांतील वालचंदनगरला बनतात, विकास एंजिनें विक्रोळीला. असलें काम करणारे कारागीर वर्षांच्या अनुभवानें तयार होतात. एक खण झाल्यावर चार वर्षें मागणी आली नाहीं, तर ते दुसरें काम धरतात. आणि पुन्हां आरंभ करावयाचा म्हणजे कारागीर घडविण्यापासून करावा लागतो. उशीर स्वस्त दिसतो, पण तो महाग पडतो.

आतां शेवटचा आणि खरा प्रश्न. २०१८ सालच्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीच्या बाजूस भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हां कित्येक कुटुंबांनीं थंडीच्या रात्रीं घराबाहेर काढल्या. स्वतःच्या भिंतींचा भरंवसा नसलेल्या माणसानें विचारलें, "आकाशांतल्या घराला वीस हजार कोटी कशाला?" तर त्याला उत्तर देणें आपलें कर्तव्य आहे. अवकाशविद्येचा फायदा त्याच्या दारीं पोंचतो, असें सांगतां येईल. वादळाची पूर्वसूचना आणि मासळीचा ठिकाणा उपग्रहांमुळेंच डहाणूच्या कोळ्यांना कळतो. पण तें उपग्रहांचें काम. स्थानकाच्या नांवावर जमा करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. स्थानक हें प्रयोगाचें आणि विद्या कमावण्याचें ठिकाण आहे. त्याचें फळ उशिरां आणि अप्रत्यक्षपणें मिळावयाचें. तुलनेसाठीं सांगतों, डहाणूजवळच्या वाढवण बंदराचा अंदाज ७६ हजार कोटींहून अधिक आहे. देशाला दोन्ही खर्च झेपतीलहि. पण त्या माणसाचा प्रश्न त्यामुळें मिटत नाहीं.

माझ्या मतें त्याला एकच प्रामाणिक उत्तर देतां येतें : जें आरंभिलें तें पुरें करूं, आणि पुरें करण्याची तयारी नसेल तर आरंभ करणार नाहीं. पांचांपैकीं एक खण वर नेऊन थांबणें यापरता मोठा अपव्यय नाहीं. कारण तो खण गंजत पडत नाहीं, तो खालीं येतो. पहिला खण वर गेल्याची बातमी ऐकाल, तेव्हां आनंद अवश्य करा. पण त्याच दिवशीं एवढें विचारा : दुसऱ्या खणाचा पैसा मंजूर झाला आहे काय, आणि त्याचें वाहन सिद्ध आहे काय? या दोन प्रश्नांचीं उत्तरें होकारार्थी असलीं, तर आपलें घर उभें राहील, असें खुशाल समजावें.