गिब्सनच्या बँजोचं कडं

बँजो म्हटलं की आपल्याला आठवतो तो मिरवणुकीतला, टाईपरायटरसारख्या खटक्यांचा. तो जपानी वाद्याच्या घराण्यातला. इथं सांगायचंय ते अमेरिकेतल्या बँजोबद्दल: तोंडाला चामडं मढवलेला, लांब दांडीचा. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी तो तिकडे रुजवला.

मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावच्या गिब्सन कंपनीनं 1918 च्या सुमारास बँजो करायला घेतले. पहिले नमुने बेताचेच. 1925 साली ‘मास्टरटोन’ निघाला. मेपलच्या लाकडी घेरावर धातूचं कडं आणि कड्याखाली स्प्रिंगांवर बसवलेल्या पोलादी गोळ्या! युक्ती नामी, पण खटाटोप फार. दोनेक वर्षांत गोळ्या गेल्या, ओतीव कडं आलं. बैलगाडीच्या चाकाला धाव असते ना, तसंच. फक्त हे घेराच्या माथ्यावर बसतं. आधी ते मधे उंच होतं. त्यानं चामडं उचललं जाई, थरथरणारा भाग लहान पडे आणि आवाज टोकदार निघे. 1930 च्या आसपास सपाट कडं आलं. आता चामडं जवळजवळ पूर्ण रुंदीनं हलू लागलं, आवाज खोल झाला.

वेळ मात्र वाईट होती. मंदी आलेली, लोक गिटारकडे वळलेले. त्यात खपायचे ते बहुतेक नाचाच्या बँडसाठीचे चार तारांचे. सपाट कड्याचे पाच तारी बँजो फार थोडे झाले. 1937 साली मागचं झाकण न काढता वरूनच चामडं ताणायची सोय केली. दमट हवेत चामडं कसं ढिलं पडतं, हे ढोलकीवाल्याला विचारा! तरी विक्री सावरली नाही.

मग 1945 च्या डिसेंबरात नॉर्थ कॅरोलिनातला एक शेतकऱ्याचा पोरगा, सूतगिरणीत राबलेला अर्ल स्क्रग्ज, बिल मन्रोच्या ताफ्यात आला आणि तीन बोटांनी पाच तारा अशा काही वाजवल्या की सगळ्यांना तसलाच बँजो हवासा झाला. पुढं त्याच्या हाती आला तो मंदीतलाच, सपाट कड्याचा ‘ग्रॅनडा’. कंपनीच्या नव्या बँजोंत जाणकारांना तो आवाज सापडेना. मग जुन्यांचा शोध सुरू झाला. सापडायचे ते चार तारी. लोकांनी त्यांची दांडी काढून पाच तारांची नवी बसवली, धड जुनंच ठेवलं. ज्या मालाला गिऱ्हाईक नव्हतं, त्याचे असे दिवस फिरले. 1984 साली कंपनीनंच स्क्रग्जच्या नावाचा नमुना काढला, नंतर जुन्या घडणीचे आणखीही.

2010 च्या मे महिन्यात नॅशव्हिलच्या पुराचं पाणी कारखान्यात शिरलं आणि गिब्सनचं बँजोचं काम थांबलं. सपाट कडं मात्र आता दुसरे कारागीर ओततात.