दुसऱ्या क्रमांकावर ‘कुणीच नाही’

२०१९च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीण मतदारसंघात दुसऱ्या क्रमांकावर कुणीच नव्हते. काँग्रेसचे धीरज देशमुख १,३५,००६ मते घेऊन निवडून आले. त्यांच्या खालोखाल सत्तावीस हजारांहून जास्त मते पडली ती ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या बटणाला, म्हणजे नोटाला. भाजप-शिवसेना युतीतले शिवसेनेचे सचिन देशमुख साडेतेरा हजारांवर तिसरे राहिले आणि त्यांची अनामतही गेली. मुरुड हे मोठे गाव याच मतदारसंघात येते.

तेव्हापासून मुरुड परिसरात, पारावर आणि मोबाइलवरही, एक वाक्य ठरलेले आहे: ‘नोटाला अजून रेटून मते पडली असती, तर निवडणूकच रद्द झाली असती.’ कुणी पुढे जाऊन सांगतो, की मग उभे असलेले सगळे उमेदवार कायमचे बाद झाले असते आणि पक्षांना नवी माणसे द्यावी लागली असती. हे सांगणारा इतक्या खात्रीने सांगतो, की ऐकणाऱ्याला शंका विचारायचीच लाज वाटावी.

नसती झाली. निवडणूक रद्द झाली नसती, उमेदवार बाद झाले नसते, काहीही झाले नसते. नोटाला दीड लाख मते पडली असती आणि उरलेल्यांतल्या पहिल्या उमेदवाराला जेमतेम दीडशे, तरी ते दीडशेवालेच आमदार झाले असते. लोकसभा आणि विधानसभेच्या कायद्यात उमेदवारांपैकी ज्याला सर्वाधिक वैध मते, तो विजयी, एवढाच हिशेब आहे. नोटा उमेदवार नाही. त्याने अर्ज भरलेला नसतो, त्याला जिंकताही येत नाही आणि कुणाला हरवताही येत नाही. अनामत वाचवायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते लागतात. त्या बेरजेतसुद्धा नोटाची मते धरत नाहीत. भारत निवडणूक आयोगाने हा खुलासा नोटा सुरू होतानाच, २०१३ साली केला होता.

मग नोटा आणला कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर गुप्ततेत आहे. पूर्वी एकही उमेदवार पसंत नसलेल्या मतदाराला १९६१च्या निवडणूक नियमांतील ४९-ओ या कलमाखाली मतदान केंद्राध्यक्षाला तसे सांगावे लागे. मग नोंदवहीत शेरा आणि त्यापुढे सही किंवा अंगठा. गावात हे करायचे म्हणजे सगळ्या पक्षांच्या पोलिंग एजंटांसमोर, म्हणजेच भावकीसमोर, ‘तुमच्यापैकी कुणीच नको’ असे जाहीर करायचे. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी निकाल दिला, की नाराजीचे मतही गुप्तच राहिले पाहिजे आणि त्यासाठी यंत्रावर बटण हवे. उमेदवार नाकारले गेले तर फेरनिवडणूक घ्या, असे त्या निकालात नाही. वर्तमानपत्रांनी मात्र ‘नकाराधिकार’ असा भारदस्त मथळा दिला आणि लोकांनी नकाराच्या पुढे अधिकार आहे असे धरून घेतले.

मोठे आकडे पाहिजेत तर इंदूरचे घ्या. २०२४च्या लोकसभेला तिथल्या काँग्रेस उमेदवाराने ऐनवेळी माघार घेतली, पक्षाने नोटाला मत द्या म्हणून आवाहन केले आणि नोटाला दोन लाखांवर मते पडली. भाजपचे शंकर लालवानी तरीही अकरा लाखांहून अधिक मताधिक्याने खासदार झाले.

आता गैरसमजाला थोडे माफ करायला हवे, कारण तो अगदीच हवेतून आलेला नाही. आपल्याकडे निवडणूक आयोग दोन आहेत. आमदार-खासदारांच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो. महापालिकेपासून ग्रामपंचायतीपर्यंतच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. फेरनिवडणुकीचा नियम खरोखरच आहे, पण तो दुसऱ्या आयोगाचा. रत्नागिरी जिल्ह्यात लांजा तालुक्यातल्या खावडी गावात १३० मते मिळवणारा उमेदवार निवडून आला आणि नोटाला होती २१०. पुणे जिल्ह्यातल्या बोरी ग्रामपंचायतीत ८५ टक्क्यांहून जास्त मते नोटाला गेली. नांदेड जिल्ह्यातल्या खुगाव खुर्दचेही नाव अशा गावांत होते. असे निकाल हास्यास्पद दिसू लागले, तेव्हा राज्य आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला: नोटाला सर्वाधिक मते पडली, तर त्या जागेची निवडणूक रद्द करून पुन्हा घ्यायची. आदेश लागू झाला महानगरपालिका, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना. म्हणजे लातूर शहरात महापालिकेच्या मतदानाला हे बटण दाबणाऱ्याच्या हातात जे असते, ते विधानसभेला त्याच्याही हातात नसते आणि मुरुडकराच्याही नाही.

त्यातही मेख आहे. फेरनिवडणुकीत तेच उमेदवार पुन्हा उभे राहू शकतात. दुसऱ्यांदाही नोटाच पुढे राहिला, तर उमेदवारांपैकी पहिला निवडून येतो. हरियाणाच्या राज्य आयोगाने त्याच वर्षी नोटापेक्षा कमी मते घेणाऱ्यांना फेरनिवडणुकीत उभे राहायला बंदी घातली; महाराष्ट्राने घातली नाही. उमेदवार ‘कायमचे बाद’ हा भाग तर कुठल्याच राज्यात नाही.

२०१९च्या त्या सत्तावीस हजार मतांचा अर्थ ‘जनता सगळ्यांना कंटाळली’ असा लावणेही घाईचे आहे. या जागेवर भाजपचे रमेश कराड तयारीत होते, २०१४ला ते लढलेही होते. युतीत जागा शिवसेनेला गेली, कार्यकर्ते बिथरले आणि नोटाचा चक्क प्रचार झाल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या. पाच वर्षांनी, २०२४ला, कराड स्वतः उभे राहिले आणि त्यांनी धीरज देशमुखांना साडेसहा हजारांच्या आसपास मतांनी हरवले. आमदार बदलला तो उमेदवाराला पडलेल्या मतांनी.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. मतदार ओळखपत्र खिशात आहे म्हणून मत देता येत नाही. यादीत नाव लागते, आणि नाव असेल तर आयोगाने मान्य केलेला दुसरा ओळखीचा पुरावाही चालतो. ठरावीक टक्के मतदान झाले नाही तर निवडणूक रद्द होते, असा कुठलाही नियम नाही. बिनविरोध निवडणुकीत मतदानच होत नाही, त्यामुळे तिथे नोटाचा प्रश्नच येत नाही. बिनविरोधसाठी सरपंचपदाचा लिलाव करून देवळाला पैसे देणे ही गावची परंपरा नव्हे, गैरप्रकार आहे. नाशिकच्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळी गावांच्या निवडणुका राज्य आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये याच कारणाने रद्द केल्या. मुख्यमंत्र्याला हवे तेवढे मंत्री करता येत नाहीत: ९१व्या घटनादुरुस्तीने १५ टक्क्यांची मर्यादा आहे, २८८ आमदारांच्या महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांसह ४३. उपमुख्यमंत्री हे पद तर राज्यघटनेत नाहीच.

आणि एक उलटा गैरसमज: ‘थेट जनतेतून आलेल्या सरपंचाला पाच वर्षे कुणी हात लावू शकत नाही.’ थेट निवड २०१७ला आली, २०२०ला गेली, २०२२ला परत आली. या येण्याजाण्यात लोकांचा गोंधळ झाला तर नवल नाही. पण कायद्यात वाट आहे. पहिली दोन वर्षे आणि शेवटचे सहा महिने सोडले, तर सदस्य अविश्वास ठराव आणू शकतात. तो तीन चतुर्थांश बहुमताने संमत व्हावा लागतो, आणि मग विशेष ग्रामसभेत गावचे मतदार गुप्त मतदानाने त्यावर शिक्कामोर्तब करतात किंवा तो फेटाळतात. आमदाराला मुदतीआधी घरी पाठवायचा कसलाही अधिकार मतदाराला नाही. सरपंचाच्या बाबतीत शेवटचा शब्द मतदाराचा आहे. गावचा पैसाही सरपंच एकट्याच्या सहीने काढू शकत नाही, शेजारी ग्रामपंचायत अधिकाऱ्याची, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाची, सही लागते.

ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायला हव्यात. तिची गणसंख्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला जो आकडा कमी असेल तो. म्हणजे मुरुडएवढ्या मोठ्या गावालाही शंभर माणसे पुरतात. नोटाची गणिते मांडणाऱ्यांनी पुढच्या ग्रामसभेची तारीख तेवढी ग्रामपंचायतीत विचारून यावी.