काट्याचा संगणक

टेंभुर्णीहून करमाळ्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला एक वजनकाटा आहे. ऊस, केळी, मका, मुरूम, जे येईल ते तोलतो. 2009 साली तिथला संगणक मी बसवला. त्याच्या दुखण्याखुपण्याला आजही मीच जातो. 1980 साली उजनी धरण पुरं झालं, 117 टीएमसी पाणी अडलं, भीमाकाठची जुनी गावं उठून वर आली आणि ज्वारीच्या रानात ऊस-केळी उभी राहिली. काटे गावोगाव झाले ते त्यानंतर.

8 एप्रिल 2014 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीला द्यायची दुरुस्ती बंद केली. काट्याचा प्रोग्रॅम मात्र एक्सपीवरच चालायचा आणि तो लिहिणारा माणूस काही सापडेना. त्याच वर्षी पावसाळ्यात मदरबोर्ड जळाला. नव्या संगणकावर एक्सपी धड बसत नव्हता, म्हणून मी त्यावर लिनक्स घातलं आणि एक्सपी लिनक्सच्या केव्हीएम या सोयीने आभासी यंत्रात ठेवला. यजमान लिनक्स, पाहुणा एक्सपी.

पाहुण्याला खरं यंत्र दिसत नाही. आपण जे दाखवू तेच त्याचं नेटवर्क कार्ड, तीच त्याची डिस्क. मग दाखवायचं काय? रिअलटेकचं 8139 हे जुनं कार्ड दाखवलं तर एक्सपीकडे त्याचा ड्रायव्हर आधीपासूनच असतो. मात्र प्रत्येक हालचालीला यजमानाला त्या कार्डाची हुबेहूब नक्कल करावी लागते आणि त्यात वेळ जातो. दुसरा मार्ग व्हर्टिओचा. ऑस्ट्रेलियाच्या रस्टी रसेल यांनी तो घडवला आणि 2008 च्या सुरुवातीला तो लिनक्समध्ये आला. त्यात नक्कल नसते. आपण आभासी यंत्रात आहोत हे पाहुण्याच्या ड्रायव्हरला ठाऊक असतं, तो यजमानाशी थेट बोलतो, म्हणून काम भरभर होतं. पण तो ड्रायव्हर एक्सपीत नसतो, बाहेरून घालावा लागतो.

मी वेगाच्या मोहात पडलो. ऐन हंगामात एका रात्री डिस्क आयडीई या जुन्या पद्धतीवरून व्हर्टिओवर नेली. एक्सपी सुरू होताहोताच निळा पडदा आला, खाली 0x0000007B. ज्या डिस्कवरून उठायचं तिचाच ड्रायव्हर त्याच्यापाशी नव्हता. डिस्क पुन्हा आयडीईवर आणून एक्सपी उठेपर्यंत उजाडलं. बाहेर ट्रॅक्टरांची रांग लागली होती. थंडीत टपावर बसून राहिलेल्या त्या ड्रायव्हरांची तोंडं मला आजही आठवतात. त्या दिवसापासून मी आधी एवढंच पाहतो, की पाहुणा उद्या सकाळी उठेल का.

पण खरा पेच काट्याच्या केबलचा होता. काट्याचा इंडिकेटर सिरियल केबलने वजन पाठवतो. नव्या संगणकाला सिरियल पोर्ट नव्हता, म्हणून यूएसबीचा कन्व्हर्टर लावला. तो थेट पाहुण्याच्या हवाली केला की एक्सपीत त्याचा ड्रायव्हर घालावा लागे, आणि वीज गेली-आली की तो गायब होई. तीन-चार महिने हे सोसल्यावर मी कन्व्हर्टर यजमानाकडेच ठेवला. लिनक्सच्या कर्नेलमध्ये त्याच्या चिपचा ड्रायव्हर आहेच. पाहुण्याला फक्त कॉम-1 हा साधा सिरियल पोर्ट दाखवला, जो एक्सपी जन्मापासून ओळखतो. तरी एक काटा टोचत होता. कन्व्हर्टर काढून पुन्हा लावला की कधीकधी लिनक्स त्याला ttyUSB0 ऐवजी ttyUSB1 म्हणे. मग पत्ता by-id च्या कायमच्या नावाने दिला, तेव्हा कुठे काटा शांत झाला.

2024 च्या उन्हाळ्यात उजनी उणे पातळीत खोल गेली. ऊस नव्हताच, केळीच्या गाड्याही तुरळक. दोन दिवस हातात मिळाले. यावेळी आधी पूर्ण बॅकअप घेतला. मग डिस्क होती तशी आयडीईवर ठेवून शेजारी एक जीबीची रिकामी व्हर्टिओ डिस्क जोडली. एक्सपीने नवं हार्डवेअर सापडल्याचं सांगितलं, मी ड्रायव्हर दिला, त्याने तो बसवून घेतला. यंत्र बंद केलं, मुख्य डिस्क व्हर्टिओवर नेली, रिकामी काढून टाकली. एक्सपी उठला. बॅकअपला पूर्वी पाऊण तास लागे, तो वीस मिनिटांवर आला.

दुसऱ्या दिवशी मक्याचा टेम्पो काट्यावर चढला. पडद्यावरचा आकडा हलला, स्थिरावला, पावती निघाली. नेटवर्क कार्ड मी अजून 8139 च ठेवलंय. दिवसाच्या शंभरेक पावत्यांना ते पुरतं. कॉम-1 ला तर हातही लावलेला नाही.