मनाचे खेळ आणि मेंदू

पणजीला जुन्या सचिवालयाच्या शेजारी एक पुतळा आहे. पुढे झुकून हात पसरलेला पुरुष, आणि त्याच्यासमोर मागे कलत चाललेली स्त्री. मुलांना तो एखादा मांत्रिक वाटला तर नवल नाही. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ साली घडविलेला हा पुतळा आबे फारिया यांचा होय. आणि गंमत अशी, की मंत्रतंत्राचा पडदा दूर सारणाऱ्यांपैकीच ते एक होते.

बारदेशातील कांदोळी गावी १७५६ साली जन्मलेले फारिया पुढे पाद्री झाले व पॅरिसला जाऊन राहिले. प्रयोगकर्त्याच्या देहातून चुंबकासारखा एक अदृश्य प्रवाह वाहतो व तोच दुसऱ्यास मोहनिद्रेत नेतो, हे मेस्मर नामक वैद्याचे मत तेव्हा तेथे प्रचलित होते. फारियांनी १८१३ साली जाहीर प्रयोग आरंभिले. माणसास स्वस्थ बसवावे, चित्त एकाग्र करावयास सांगावे आणि ‘झोपा’ अशी आज्ञा द्यावी, एवढीच त्यांची सामग्री! प्रयोगकर्त्याकडून काहीही जात नाही, जे घडते ते झोपणाऱ्याच्याच मनात घडते, असे त्यांनी प्रतिपादिले. लोकांनी नाटकातून त्यांची टर उडविली. १८१९ साली ते निवर्तले.

मनात घडते, म्हणजे मग ते खोटेच का? ‘मनाचे खेळ’ हे शब्द आपण किती तुच्छतेने उच्चारतो! माँट्रियलच्या शास्त्रज्ञांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे पाहण्याजोगा आहे. मोहनिद्रेतील माणसांचा हात चटका बसेल इतक्या गरम पाण्यात ठेवून, कधी ‘हे फार असह्य आहे’, तर कधी ‘याचा त्रास कमी आहे’ अशी सूचना त्यांना दिली. पाणी तितकेच गरम होते. मेंदूची चित्रे घेतली तेव्हा स्पर्श व उष्णता टिपणाऱ्या भागाचे काम जवळजवळ तसेच राहिले. परंतु वेदनेच्या त्रासाशी निगडित असा, मेंदूच्या आतल्या घडीतील एक भाग सूचनेप्रमाणे कमीअधिक चेतला. शब्द कानी पडले आणि मेंदू खरोखर बदलला. सोंग असते तर हा बदल कशास दिसता?

कोजागरीला पेडण्याची पुनव भरते. भुताखेतांची बाधा झाली अशा समजुतीने कित्येकांना तेथे आणतात. कोणाच्या अंगात भार आला की आपल्यात लागलीच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो भूत, दुसरा म्हणतो ढोंग. आम्हांस दोन्ही उतावळे वाटतात. थरथरणाऱ्या माणसाचे दुःख पुष्कळदा खरे असते, आणि त्यामागे औषधोपचाराने बरा होणारा विकारही असू शकतो. त्याला हसणे किंवा मारझोड करणे हा क्रूरपणा होय.

खिन्नतेच्या विकाराची गोष्टही अशीच. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, गोव्यातच केलेल्या एका अभ्यासात थोडे प्रशिक्षण घेतलेले, डॉक्टर नसलेले स्थानिक सल्लागार प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुग्णांशी बोलत, त्यांना आजार समजावून सांगत. जरूर तेथे डॉक्टर औषध देत व मानसोपचारतज्ज्ञ पाठीशी असत. नेहमीचेच उपचार मिळालेल्या केंद्रांपेक्षा येथील अधिक रुग्ण बरे झाले.