मधुमेहाचा हिशेब आणि हातातला फोन

डेअरीला दूध घालणाऱ्या घरात एक छोटे पुस्तक असते. रोज किती लिटर दूध गेले, फॅट किती लागली, हे त्यात मांडलेले असते. फॅट उतरली की घरधनी लगेच विचारतो, वैरणीत काय बदलले? आपल्या रक्तातील साखरेचा असा हिशेब मात्र आपण ठेवीत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. हा रोग सुरुवातीला दुखत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो आणि आत डोळे, मूत्रपिंडे व पायांच्या नसा बिघडत जातात.

हा हिशेब ठेवायला मोबाइलवरचे ॲप कामास येते. मात्र ॲप स्वतः साखर मोजीत नाही. बोटातून थेंबभर रक्त काढून ग्लुकोमीटरवर तपासायचे आणि आलेला आकडा ॲपमध्ये भरायचा. शेजारी जेवण, गोळ्या व चालणे यांची नोंद करायची. सुई न टोचता साखर सांगणारे घड्याळ किंवा अंगठी कोणी विकू लागला, तर घेऊ नका. अशा वस्तूंवर विसंबू नये, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला आहे.

आता नोंदीचा उपयोग पाहा. समजा, एका गृहस्थांची उपाशीपोटीची साखर ११८ येते. बहुतेक प्रौढ रुग्णांसाठी ती ८० ते १३० असावी, म्हणून ते निश्चिंत असतात. पण जेवणानंतर दोन तासांनी ती १८० च्या आत हवी, ती यांची २४० भरते. आठवडाभराच्या नोंदी समोर आल्या की डॉक्टरांना दिसते, की गडबड दुपारच्या ताटात आहे. पुष्कळ ॲपमध्ये पावाच्या चकत्या असतात, आपली भाकरी नसते. तेव्हा ‘दीड भाकरी, वाटीभर भात’ असे आपल्याच मापाने लिहावे.

औषध किंवा इन्सुलिनची मात्रा मात्र ॲप पाहून आपल्या मनाने बदलू नये. ते काम डॉक्टरांचे. तसेच घाम, थरथर, घाबरे वाटणे अशी लक्षणे दिसून साखर ७० च्या खाली आली, तर फोन बाजूला ठेवावा. तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, तडक दवाखाना गाठावा.

कोणी म्हणेल, आम्हाला फोनमधले काय कळते? घरातल्या शाळकरी मुलाला सांगा, आजोबांचा आकडा रोज भरायचा. गुरुजनांनी वर्गात आलेख शिकवताना अशा आकड्यांचा एखादा नमुना फळ्यावर काढावा. आणि फोन नसला, तरी अडत नाही. हीच नोंद वहीत करा आणि पुढच्या तपासणीला ती वही बरोबर न्या.