‘मुका मार’ म्हणून सोडून दिलेला हात

नेसरीत बोलायला उभा राहिलेला माणूस प्रतापराव गुजरांचं नाव घेतल्याशिवाय सुरुवात करत नाही, आणि ते योग्यच आहे. पण आजचा विषय खिंडीतल्या जखमांचा नाही, अंगणातल्या जखमांचा आहे. आंब्यावरून, काजूच्या झाडावरून, सायकलवरून, उसाच्या ट्रॉलीवरून पडलेल्या पोरांचा.

पोर पडलं की घरात पहिलं वाक्य येतं, ‘मुका मार आहे, हळद लावा.’ दुसरं येतं, ‘मुरगळलाय, उतरेल दोन दिवसांत.’ मोठ्या माणसाच्या बाबतीत हे पुष्कळदा खरं ठरतं. वाढत्या मुलाच्या बाबतीत तेवढा भरवसा का धरता येत नाही, हेच मला आज सांगायचं आहे.

आधी हाड वाढतं कसं ते बघू. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूनं कोंबडीच्या पिल्लाच्या पायाच्या हाडाला मोजून दोन भोकं पाडली. दोन महिन्यांनी हाड चांगलं लांब झालेलं होतं, पण दोन भोकांमधलं अंतर तेवढंच! हे त्यानं १७२७ साली छापलं. म्हणजे हाड रबरासारखं मधून ताणत नाही. तुमच्या उसाचंच बघा ना, खालची जून कांडी वाढत नाही, वाढ शेंड्याकडच्या कोवळ्या भागात असते. हाडाला असे शेंडे टोकांपाशी असतात, लांब हाडाला बहुधा दोन्हीकडं.

टोकाजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते. डॉक्टर तिला ग्रोथ प्लेट म्हणतात, आपण वाढीची चकती म्हणू. तिच्यात पेशींच्या चवडी रचलेल्या असतात. एका बाजूनं नवी पेशी तयार होते, दुसऱ्या बाजूची जुनी पेशी फुगते, तिच्याभोवती कॅल्शियम साठतं आणि तिच्या जागी हाड येतं. मुलींमध्ये साधारण चौदाव्या, मुलांमध्ये सोळाव्या वर्षाच्या आसपास बहुतेक चकत्यांचं हाड होऊन जातं आणि उंची थांबते. एक्स-रेत कूर्चा उमटत नाही, तिथं काळी रेघ दिसते. ती बघून काही पालक दचकतात, ‘डॉक्टर, मोडलंय!’ मोडलेलं नसतं, ती वाढीची जागा असते. खरी पंचाईत उलटी आहे. चकतीला मार बसलेला असतो आणि फोटो मात्र चांगला दिसतो.

आता मुरगळण्याचं. सांध्याला बांधून ठेवणारे अस्थिबंध मुलांमध्ये या चकतीपेक्षा मजबूत असतात. त्यामुळं ज्या झटक्यानं तुमचा-माझा अस्थिबंध ताणला असता, त्याच झटक्यानं मुलाची चकती सुटू शकते. म्हणून एक साधी गोष्ट करा. दुखरी जागा सांध्याच्या फटीवर आहे की हाडाच्या टोकावर, ते हलक्या बोटानं बघा. हाडाच्या टोकावर दाबल्यावर पोर ओरडलं, किंवा ते हात-पाय वापरतच नसेल, तर सरळ पट्टीचा आधार देऊन दवाखाना गाठा.

टोरांटोच्या सॉल्टर आणि हॅरिस यांनी १९६३ मध्ये या दुखापतींचे पाच प्रकार मांडले, आम्ही आजही तेच वापरतो. पाचही पाठ करायला नकोत. चीर चकतीच्या कडेनं आडवी गेली तर बहुतेक वेळा निभावतं. चीर चकती ओलांडून सांध्यात उतरली तर दोन्ही तुकडे काटेकोर जुळवावे लागतात, बऱ्याचदा शस्त्रक्रियेनं. आणि चकती चेंगरली असेल तर पहिल्या फोटोत काहीच दिसत नाही, काही महिन्यांनी वाढ थांबल्यावरच कळतं. गुडघ्याजवळच्या मांडीच्या हाडाला मात्र सगळेच अपवाद लागू आहेत. तिथली साधी वाटणारी चीरही दगा देते.

किती दगा? हिशोब करू. ती एक चकती वर्षाला सुमारे ९ मिलिमीटर वाढ देते. नऊ वर्षांच्या मुलाची ती पूर्ण बंद पडली तर सोळाव्या वर्षापर्यंत पाय सहा सेंटिमीटरनं आखूड. अर्धीच बंद पडली तर एक बाजू वाढत राहते आणि पाय वाकडा होतो. ते जास्त वाईट.

कोपराची गोष्ट वेगळीच. बाहेरच्या बाजूचा तुकडा सुटतो, सूज फार नसते, म्हणून दुर्लक्ष होतं. तुकडा जुळतच नाही. कोपर हळूहळू बाहेर झुकतं आणि कित्येक वर्षांनी करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायला लागतं. तेव्हा माणसाला लहानपणचं पडणं आठवतही नाही.

हाडवैद्यांबद्दल विचारलं जातंच. त्यांच्या हातात कसब नसतं असं मी म्हणणार नाही. पण चकती बोटांना कळत नाही, आणि आठ-दहा दिवसांनी हाड ओढून बसवायला गेलं तर चकतीला दुसऱ्यांदा मार बसतो. कामट्यांची घट्ट पट्टी बांधल्यावर बोटं निळी-पांढरी पडली, बधिर झाली किंवा दुखणं वाढतच गेलं, तर सकाळची वाट बघू नका. पट्टी तेव्हाच सैल करा आणि रात्री का असेना, निघा.

सगळंच भयंकर नाही हं. लहान मुलाचं मनगटाजवळचं हाड थोडं वाकडं जुळलं तरी वाढताना बरंचसं सरळ होतं, पीळ मात्र आपोआप जात नाही. प्लास्टर काढल्यावर काम संपलं असं समजू नका, निदान वर्षभर अधूनमधून फोटो काढून घ्या. हाडात एक बारीक पांढरी रेघ उमटते, झाडाच्या खोडातल्या वलयासारखी. ती चकतीला समांतर असली की आम्ही निश्चिंत. तिरकी असली की कुठंतरी हाडाचा पूल बांधला गेलाय. वेळेत सापडला तर तो पूल काढून तिथं चरबी भरता येते. उशीर झाला तर सैबेरियातल्या कुर्गानच्या इलिझारोव्हची रिंग आहेच, पण ती दिवसाला एक मिलिमीटर लांबवते. सहा सेंटिमीटरला दोन महिने, आणि नवं हाड पक्कं व्हायला पुढं आणखी कित्येक महिने. तेवढी शाळा बुडते.

(एका आजींचा प्रश्न : न पडताही असं होतं का?)

होतं, आजी. तान्ह्या बाळाच्या सांध्यात पू झाला तरी चकती जळते. बाळाला ताप आहे, एक पाय हलवत नाही, लंगोट बदलताना किंचाळतं, कधी ताप नसतोही. तेव्हा ‘नजर लागली’ म्हणून थांबू नका. तिथं दिवस नाही, तास मोजायचे असतात.