अवेळी वाजलेला भोंगा

7 मे 2025 ला दुपारी चार वाजता मुंबईत सायरन वाजले. म्हणजे वाजल्याचं टीव्हीवर दिसलं. मी त्याआधीच कॉटन ग्रीनला आमच्या चाळीच्या गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो. फ्रीवेवरच्या गाड्या, गल्लीत कुणाच्या तरी खोलीत चाललेलं ड्रिलमशीन आणि समोरच्या टॉवरच्या पोडियमवर खेळणारी पोरं, एवढंच कानावर आलं. ‘ऑपरेशन अभ्यास’ असं भारदस्त नाव दिलेला तो देशभरचा नागरी संरक्षणाचा सराव आमच्या गल्लीला न शिवता पार पडला. संध्याकाळी शेजारच्या खोलीतला मुलगा फोन घेऊन आला आणि म्हणाला, “काका, हे ऐका, सायरन असा असतो.”

मला राग आला तो पोराचा नाही. सायरन आणि भोंगा म्हणजे काय हे आमच्या भागात कुणी कुणाला फोनवर ऐकवावं लागेल, ही वेळ यावी याचा आला.

आमच्या भागाचं आणि आगीचं नातं जुनं आहे, कारण ते कापसाचं आहे. कापसाचा बाजार पूर्वी कुलाब्याला भरायचा. पोर्ट ट्रस्टने समुद्रात भरणी करून तो शिवडीच्या अंगाला आणला. सिमेंटची गोदामं रांगेने बांधली, त्यांच्यामध्ये ट्रक आणि रेल्वेच्या वाघिणी फिरतील इतकी रुंद जागा ठेवली, कॉटन एक्स्चेंजची देखणी इमारत उभी राहिली आणि हार्बर लाइनच्या स्टेशनाला या बाजाराचंच नाव मिळालं. कापसाची आग ज्याने पाहिली नाही त्याला एक गोष्ट सांगायला हवी. दाबून बांधलेल्या गाठीच्या पोटात ठिणगी शिरली की ती बाहेरून दिसत नाही. वरून पाणी मारलं, धूर थांबला, सगळे घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी तीच गाठ पुन्हा पेटते. गाठ फोडून, पिंजून, आतपर्यंत भिजवल्याशिवाय कापूस विझत नाही.

14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ बोटीवर झालं ते हेच. कराचीहून भरलेल्या 8,700 गाठी कापूस आणि सुमारे 1,400 टन दारूगोळा एकाच बोटीत. धोक्याचा माल असल्याचा लाल बावटा बोटीवर लावलेला नव्हता. आग कापसात लागली, दुपारभर पाणी मारणं चाललं, आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. बंबवाले 66 गेले. हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. आजी सांगायची की आभाळातून पेटता कापूस पडत होता आणि बायका ओली गोणपाटं घेऊन कौलांकडे बघत उभ्या होत्या. तिला सगळ्यात जास्त राग एका गोष्टीचा होता, आणि तो तिने मरेपर्यंत धरून ठेवला: बोट दुपारभर जळत होती, पण कुणी शहराला सांगितलं नाही.

पुढची पंचवीसेक वर्षं मी सोडून देतो. त्यातली बरीच मी पाहिली नाहीत, आणि जी पाहिली त्यात मला आठवतो तो रेशनचा लाल मिलो आणि पाण्याच्या वेळा. माझा काळ सुरू होतो डिसेंबर 1971 ला आणि संपतो जानेवारी 1982 ला.

3 डिसेंबर 1971 ला लढाई सुरू झाली आणि चाळीत ब्लॅकआऊट आला. खिडक्यांच्या काचांना खाकी कागद, मोटारींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग, आणि गॅलरीत विडी पेटवणाऱ्यावर चारी बाजूंनी ओरडा. नागरी संरक्षण दलाचा वॉर्डन हा आमचाच माणूस, दिवसा साचेखात्यात आणि रात्री डोक्यावर हेल्मेट. त्याने आम्हा पोरांना खाली चौकात बसवून शिकवलं होतं: आवाज वरखाली होत राहिला तर धोका, सलग एकसुरी आला तर धोका टळला. सात-आठ वर्षांच्या पोरांना हे पाढ्यांसारखं पाठ होतं. दोन आठवड्यांत लढाई संपली, पण सकाळी नऊचा चाचणीचा सायरन पुढे कित्येक वर्षं वाजत राहिला. त्यावर घड्याळं लागायची. तीस जानेवारीला अकरा वाजता तो वाजला की नाक्यावरचा केळीवालासुद्धा हातातलं तागडं खाली ठेवायचा.

पण आमचा खरा आवाज गिरणीचा भोंगा. त्याच्याबद्दल आजकाल फार गोड लिहिलं जातं, म्हणून आधी तो हिशेब चुकता करतो. भोंगा मालकाचा होता. तो कुणाला प्रेमाने उठवत नव्हता. सातची पहिली पाळी, साडेतीनची दुसरी, रात्री बाराची तिसरी. पोहोचायला उशीर झाला की गेट बंद आणि दिवसाचा पगार बुडाला, बदली कामगाराची तर भाकरीच गेली. बाबा भोंग्याला शिव्या घालत उठायचे आणि आई भोंग्याला शिव्या घालत स्टोव्हला पंप मारायची. ज्यांना आता विसाव्या मजल्यावरून जपून ठेवलेली चिमणी पाहून गिरणगावाची आठवण दाटून येते, त्यांनी एक हिवाळा रातपाळी करायला हवी होती.

तरीही भोंग्याचं एक काम असं होतं की त्याला आजतागायत पर्याय मिळालेला नाही. तो अवेळी वाजायचा.

भोंगा वाफेवर चालायचा, बॉयलरच्या. प्रत्येक गिरणीचा सूर वेगळा. दिग्विजयचा कुठला, स्वानचा कुठला, इंडिया युनायटेडचा कुठला, हे चाळीतल्या बायका भांडी घासता घासता सांगायच्या. त्यामुळे रात्री अडीचला, कुठल्याही पाळीची वेळ नसताना, भोंगा सुरू झाला आणि थांबेनाच झाला की दोन गोष्टी एकदम कळायच्या: आग आहे, आणि ती कुठे आहे. मिनिटभरात गॅलरीत दिवे. पहिला प्रश्न “काय झालं” हा नसायचाच. “तिसरीला कोण गेलंय?” असं विचारलं जायचं, आणि उत्तर कुणीतरी खोल्यांच्या क्रमाने द्यायचं. चार नंबरचे मामा, नऊ नंबरचा थोरला, माडीवरच्या खानावळीतले तिघे. मग माणसं धावायची, आणि प्रत्येकाला आपण कशासाठी धावतोय ते माहीत असायचं. व्यायामशाळेतली पोरं गिरणीच्या गेटाकडे. गणपती मंडळाचे कार्यकर्ते नाक्यावर, बंबाला वाट करून द्यायला, कारण रस्त्यात हातगाड्या आणि झोपलेली माणसं असायची. म्हातारे खाली मोरीपाशी, पिंपं भरलेली आहेत ना बघायला. आई पोरांना घेऊन जिन्याच्या तोंडाशी. हे कुणी कागदावर लिहिलेलं नव्हतं.

आग बहुतेकदा ब्लो-रूममध्ये, म्हणजे गाठी फोडून कापूस पिंजायच्या खात्यात लागायची. गाठीतून आलेला खिळा किंवा पट्टीचा तुकडा यंत्रात गेला, ठिणगी उडाली, की हवेत तरंगणारी कापसाची धूळ क्षणात भडकायची. गिरण्यांकडे स्वतःचे पंप होते, पाण्याच्या टाक्या होत्या, छताला स्प्रिंकलर होते. विम्याचा हप्ता कमी बसावा म्हणून असतील, पण होते, आणि ते चालवणारी माणसं पगारावर होती. त्यामुळे बऱ्याच आगी भायखळ्याचा बंब घंटा वाजवत पोहोचायच्या आत आटोक्यात यायच्या.

त्या दशकातली एक आग मात्र आटोक्यात आली नाही. गोदामाची होती, गिरणीचं नाव घेत नाही. गाठी रस्त्यावर ओढून काढल्या, कुऱ्हाडीने फोडल्या, पाणी मारलं, आणि तरी पुढचे काही दिवस रात्री त्या ढिगातून कुठेतरी लाल ठिपका दिसायचा आणि कुणीतरी बादली घेऊन उतरायचं. जळक्या ओल्या कापसाचा वास गल्लीतून पावसाळा येईपर्यंत गेला नाही. अर्धवट जळलेला माल गादीवाल्यांनी स्वस्तात उचलला. आमच्याकडेही त्यातली एक गादी आली, कडेला तांबूस झालेली. मी दहावीपर्यंत तिच्यावर झोपलो.

या आठवणी सांगताना चाळीचं कौतुक फार होतं, म्हणून त्याच चाळीतली दुसरी आगही सांगितली पाहिजे. खोलीचं दार लावलेलं, आतून किंकाळी, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात एक ओळ: स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली. तेव्हा पंपाचे स्टोव्ह खरोखरच फुटायचे, हे खरं. पण ते सुनांच्याच अंगावर इतके कसे फुटतात, हे सगळ्या गॅलरीला कळत होतं आणि एकाही तोंडातून निघत नव्हतं. जे लोक गिरणीच्या भोंग्याला अर्ध्या मिनिटात उठायचे, तेच त्या किंकाळीला दार ठोठावायच्या आधी एकमेकांची तोंडं बघायचे. कायद्यात 498-अ कलम आलं ते 1983 ला. आमच्या गल्लीतल्या दोघींना त्याचा काही उपयोग नव्हता.

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, चिमण्या थंड. पहिले काही दिवस भोंगा न वाजता जाग यायची आणि माणसं अंथरुणात पडून छताकडे बघायची. पुढे काही ठिकाणी भोंगा पुन्हा वाजू लागला, गिरणी चालू झाली असं दाखवायला. त्या आवाजाला घरातून कुणी निघालं की शेजारी दार उघडून बघत राहायचे, आणि निघणारा मान खाली घालायचा. ऑगस्टमध्ये पोलिसांचंच बंड झालं, लालबाग-परळला रस्त्यावर बसगाड्या पेटल्या, लष्कर आलं. त्यानंतर आमच्याकडे भोंगा म्हणजे आपलं कुणीतरी संकटात आहे, हा अर्थ उरला नाही. संप अधिकृतपणे कुणी मागे घेतलाच नाही. तो विरत गेला.

पुढची वीस वर्षं मी नोकरी केली आणि लोकल पकडली. दंगल आणि बॉम्बस्फोट यांवर लिहिणारे पुष्कळ झाले. आमच्यापुरती महत्त्वाची गोष्ट घडली ती कागदावर: 1991 च्या विकास नियमावलीत 58 क्रमांकाचा नियम आला, गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले, आणि 2001 मध्ये त्यात अशी दुरुस्ती झाली की वाटणी फक्त मोकळ्या जागेची. मोकळी जागा अर्थातच थोडी होती. मैदानं आणि कामगारांची घरं त्या थोडक्यातून काढायची होती. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती उचलून धरली. पंप गेले, टाक्या गेल्या, पंप चालवणारे गावी गेले.

29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर कमला मिल कंपाऊंडमध्ये गच्चीवरच्या रेस्टॉरंटांना आग लागली आणि 14 माणसं गेली, बरीचशी स्वच्छतागृहात अडकून, धुराने. जिथे एकेकाळी आगीची भीती हाच रोजचा विषय होता, त्या कंपाऊंडात लोकांना बाहेर पडायची वाट सापडली नाही. 2018 च्या ऑगस्टमध्ये परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली, चौघे गेले. तिथे एका दहा वर्षांच्या मुलीने शेजाऱ्यांना सुती कापड ओलं करून त्यातून श्वास घ्यायला लावलं. शाळेत शिकलेलं तिला आठवलं होतं. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये करी रोडच्या अविघ्न पार्कमध्ये एकोणिसाव्या मजल्याच्या कठड्याला लटकलेला सुरक्षारक्षक खाली पडून मेला. खाली उभी असलेली माणसं त्याचं चित्रण करत होती. तो व्हिडिओ मलाही चार जणांनी पाठवला.

आता आवाजाची टंचाई आहे असं नाही. मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे 2017 ला गेले, ताफ्यातले सायरन राहिले. ॲम्ब्युलन्स लालबागच्या पुलाखाली ओरडत उभी असते आणि पुढचा गाडीवाला रिकामी जागा असूनही सरकत नाही. 2023 मध्ये सरकारने मोबाइलवर आणीबाणीच्या संदेशाची चाचणी घेतली, सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले, आणि डब्यातल्या प्रत्येकाने आपापला फोन बंद केला. समोरच्या टॉवरचा फायर अलार्म महिन्यातून दोन-तीनदा वाजतो. वॉचमन जाऊन बटण दाबतो. एकदाही कुणी खाली उतरलेलं मी पाहिलेलं नाही.

आमच्या चाळीचाही पुनर्विकास ठरला आहे. परवा त्याची सभा झाली. माहितीपत्रकात सगळं आहे: रिफ्यूज फ्लोअर, स्प्रिंकलर, दोन पंप. राज्याच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैला यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, तेही तळटिपेत दिलेलं. चर्चा झाली ती पार्किंगवर. शेवटी मी विचारलं की अलार्म वाजला तर प्रत्येक मजल्यावर कोण काय करणार, कोण म्हाताऱ्यांना उतरवणार, पंप कुणाला चालवता येतो, याची यादी करू या का. बिल्डरचा तरुण प्रतिनिधी नम्रपणे म्हणाला, “काका, त्याला एजन्सी असते.” मी म्हटलं, एजन्सी रात्री अडीचला कुठे असते? सेक्रेटरींनी विषय पुढच्या सभेवर ठेवला. पुढच्या सभेची नोटीस काल लागली. तीत विषय एकच आहे, पाहुण्यांचं पार्किंग.